पायथॉनमधे फाईलीत हवं तिथे उडी मारायची: सीक, टेल आणि त्यांचे नखरे

फाईल उघडली, रीड केलं, सगळा मजकूर आला. पुढच्याच ओळीत परत रीड केलं तर हातात रिकामी स्ट्रिंग. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. पायथॉन शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं, मग कोणीतरी सांगतं की अरे मधे एक सीक झिरो टाक, ते टाकलं की चालतं आणि विषय तिथेच मिटतो. मग पुढे कधीतरी फाईलच्या मधला एक आकडा बदलायचा असतो, किंवा दोन-चार जीबीच्या लॉगमधल्या फक्त शेवटच्या ओळी हव्या असतात, आणि तेव्हा कळतं की आपल्याला सीक कळलेलंच नव्हतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. सगळं पायथॉन ३ साठी आहे.

आधी एक सूचना. खाली कोडसुद्धा देवनागरीत लिहिलाय, चालवताना ओपन, सीक, टेल, रीड, मोडची अक्षरं हे सगळं इंग्रजीत टाईप करायचं. गंमत म्हणजे पायथॉन ३ मधे व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवलं तर ते खरंच चालतं, पण कोडमधे आकडे मात्र इंग्रजीच लागतात, देवनागरी १२ लिहिलात की सिंटॅक्स एरर. स्ट्रिंगमधलं "१२" इंट फंक्शनला दिलं तर मात्र ते गुपचूप १२ करून देतं.

पायरी १: सरावाची फाईल बनवा

वाचून सोडून देऊ नका, हे हाताने करून बघा, कारण खालचे सगळे आकडे याच फाईलवर आहेत.

```
फा = ओपन("यादी.टीएक्सटी", "डब्ल्यू", एन्कोडिंग="यूटीएफ-८", न्यूलाईन="\एन")
फा.राईट("चहा\एनसाखर\एनदूध\एन")
फा.क्लोज()
```

फाईलची साईज बघा, ३३ बाईट यायला हवी. यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाईटमधे साठवायची ही एक पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. चहा म्हणजे च, ह आणि काना, झाले ९ बाईट. वर न्यूलाईनचा १, म्हणजे १०. साखर १२ अधिक १, दूध ९ अधिक १. न्यूलाईनवाला पॅरामीटर मुद्दाम दिलाय, तो नसेल तर विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा बाईट घालतं आणि तुमची फाईल ३६ ची होते, मग खालचे आकडे जुळणार नाहीत आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

पायरी २: टेलने जागा विचारा, सीकने जागा बदला

उघडलेल्या प्रत्येक फाईलला एक पोझिशन असते. एकच. वाचायची वेगळी आणि लिहायची वेगळी असं काही नसतं, आणि अर्धे घोळ इथूनच सुरू होतात. ही पोझिशन म्हणजे सुरुवातीपासून किती बाईट पुढे आहोत तो आकडा. ओळ नंबर नाही, अक्षर नंबर नाही, बाईट.

फाईल "आरबी" मोडमधे उघडा, म्हणजे वाचायला आणि बायनरी. बायनरीत कच्चे बाईट जसेच्या तसे हातात येतात, त्यांची अक्षरं करायला डीकोड लागतं.

```
फा = ओपन("यादी.टीएक्सटी", "आरबी")
फा.टेल()        → ०
फा.रीडलाईन()
फा.टेल()        → १०
फा.रीडलाईन()
फा.टेल()        → २३
फा.सीक(१०)
फा.रीडलाईन().डीकोड("यूटीएफ-८")   → साखर
```

वाचलं की पोझिशन आपोआप पुढे सरकते. शेवटाला पोचली की ३३, त्यानंतर कितीही वेळा रीड करा, रिकामंच येणार. दुसऱ्यांदा वाचताना रिकामं का आलं त्याचं उत्तर एवढंच. सीक(०) केलं की परत पहिल्या बाईटवर.

आता मुद्दाम सीक(११) करून बघा आणि तीच रीडलाईन-डीकोड चालवा. युनिकोड डीकोड एरर येईल, "इनव्हॅलिड स्टार्ट बाईट" म्हणून. कारण १० ते १२ हे तीन बाईट मिळून एक "स" होतो आणि आपण त्याच्या पोटात उतरलो. इंग्रजी मजकुरावर हे कधीच दिसत नाही कारण तिथे एक अक्षर एक बाईट, म्हणून बहुतेक इंग्रजी ट्युटोरियल वाचून केलेला कोड मराठी डेटावर पहिल्याच दिवशी आपटतो.

पायरी ३: कुठून मोजायचं

सीकला दुसरा आकडा देता येतो. ० म्हणजे फाईलच्या सुरुवातीपासून, १ म्हणजे आत्ता आहोत तिथून, २ म्हणजे शेवटापासून. काही दिलं नाही तर ० धरतो. ओएस मॉड्यूलमधे यांची नावंही आहेत, सीक सेट, सीक कर (करंटमधलं कर), सीक एंड, कोड दुसरं कोणी वाचणार असेल तर तीच वापरा.

```
फा.सीक(-१०, २)   → २३     शेवटापासून १० बाईट मागे, इथून "दूध"
फा.सीक(३, १)     → २६     इथून ३ पुढे
फा.सीक(०, २)     → ३३     फाईलची साईजच मिळाली
```

पायथॉन ३ मधे सीक नवीन पोझिशन परत देतं, त्यामुळे साईज काढायला वेगळं टेल लागत नाही. पीएचपीमधून आला असाल तर लक्षात ठेवा, तिथलं एफसीक जमलं तर ० आणि फसलं तर उणे १ देतं, पोझिशन नाही. तिथून आलेली सवय इथे चकवते.

शून्याच्या मागे जाता येत नाही. ३३ बाईटच्या फाईलवर सीक(-१००, २) केलं तर ओएस एरर येते, नंबर २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. शेवटाच्या पुढे मात्र बिनधास्त जाता येतं! सीक(५०००) केलं तर कोणी काही बोलत नाही. तिथे वाचलं तर रिकामं, तिथे लिहिलं तर मधली सगळी जागा शून्य बाईटनी, म्हणजे ज्यांची किंमतच ० आहे अशा बाईटनी, भरलेली दिसते. चुकून एक शून्य जास्त पडलं आणि फाईल अचानक फुगली तर हे तपासा.

पायरी ४: टेक्स्ट मोडचे नखरे

आता मोडमधला "बी" काढा आणि एन्कोडिंग देऊन साध्या "आर" मोडमधे तीच फाईल उघडा. सीक(-१०, २) करा. अनसपोर्टेड ऑपरेशन. सीक(३, १) करा, परत तेच. टेक्स्ट मोडमधे फक्त तीन गोष्टी चालतात: सीक(०), सीक(०, २), आणि आधी टेलने दिलेला आकडा जसाच्या तसा परत सीकला देणं. सीक(०, १) पण चालतं, पण त्याने जागा हलतच नाही.

टेक्स्ट मोडमधे टेल जो आकडा देतं त्याच्यावर गणित करायचं नाही. यूटीएफ-८ मधे तो बहुतेक वेळा बाईटचाच आकडा दिसतो, म्हणून लोक त्यात ५ मिळवतात, ७ वजा करतात आणि बरेच दिवस चालतंही, पण पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनने तशी कसलीच हमी दिलेली नाही. तो आकडा पुस्तकातल्या खुणेसारखा वापरा, ठेवा आणि परत तिथे या.

आणखी एक. टेक्स्ट मोडमधे फॉर लूपने ओळी फिरवत असताना आत टेल मारलं तर ओएस एरर येते, "टेलिंग पोझिशन डिसेबल्ड बाय नेक्स्ट कॉल". पायथॉन वेग मिळवण्यासाठी पुढचा मजकूर आधीच खेचून ठेवतो, मग नक्की कुठे आहोत ते सांगत बसायची त्याची तयारी नसते. व्हाईल लूप लावून रीडलाईन वापरा, किंवा सरळ बायनरीत उघडा, तिथे फॉर लूपच्या आतही टेल नीट चालतं.

माझं मत विचाराल तर नियम सोपा आहे: फाईलीत उड्या मारायच्या असतील तर बायनरीत उघडायची, वाचलेले बाईट आपण स्वतः डीकोड करायचे. टेक्स्ट मोड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचायला उत्तम आहे, त्याला त्याच कामाला ठेवा.

पायरी ५: मोड निवडताना

"आर" फक्त वाचतो, फाईल नसेल तर एरर. "आर प्लस" वाचतो आणि लिहितो, पोझिशन ० ला, आहे तो मजकूर शाबूत. "डब्ल्यू" आणि "डब्ल्यू प्लस" दोघंही उघडतानाच फाईल रिकामी करतात, प्लस आहे म्हणून जुना मजकूर वाचता येईल असं समजून कितीतरी डेटा आजवर उडाला असेल. "एक्स" नवीनच फाईल बनवतो, आधीची असेल तर नकार देतो, डेटा जपायचा असेल तर हा फार चांगला आहे आणि फार कमी लोक वापरतात.

"ए" वेगळाच प्राणी आहे. फाईल उघडली की पोझिशन शेवटी असते, म्हणून "ए प्लस" मधे उघडून लगेच रीड केलं तर रिकामं येतं, आधी सीक(०) हवं. आणि तुम्ही सीक(०) करून लिहायला गेलात तरी लिनक्स आणि मॅकवर मजकूर शेवटीच जाऊन पडतो, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच प्रत्येक राईटच्या आधी शेवट गाठते. लॉगसाठी हे वरदान आहे. मधे बदल करायचा असेल तर "ए" चा काही उपयोग नाही, "आर प्लस बी" घ्या.

पायरी ६: मधे लिहिणं, आणि इथेच जास्त डोकं लावायचं

नोटपॅडमधे कर्सर ठेवून टाईप केलं की पुढचा मजकूर सरकून जागा देतो. फाईल सरकत नाही. तुम्ही जे लिहाल ते आधीच्या बाईटवर चढतं. प्रत्येक भाषेत हे असंच आहे, यात पायथॉनचा दोष नाही.

```
फा = ओपन("यादी.टीएक्सटी", "आर+बी")
फा.सीक(१०)
फा.राईट("गवती".एनकोड("यूटीएफ-८"))
फा.क्लोज()
```

साखर १२ बाईट, गवती पण १२ बाईट. फाईल उघडून बघा, चहा, गवती, दूध. मस्त. आता परत साखर करून तिच्या जागी "गूळ" लिहा. गूळ ९ बाईटचा, साखरेचा शेवटचा "र" तसाच राहतो आणि यादीत "गूळर" नावाचा नवीन पदार्थ तयार होतो.

परत साखर करा आणि आता "खडीसाखर" लिहा. २१ बाईट. पोझिशन १० पासून ३० पर्यंत सगळं झाकलं गेलं, म्हणजे साखरेनंतरची न्यूलाईन गेली, दुधाचे पहिले ८ बाईट गेले, आणि "ध" चा शेवटचा एक बाईट एकटा मागे लोंबकळत राहिला. ही फाईल आता टेक्स्ट मोडमधे वाचताच येत नाही, डीकोड एरर देते. एका शब्दाने अख्खी फाईल मेली.

म्हणून लांबी बदलणार असेल तर मधे लिहायच्या फंदात पडू नका. छोटी फाईल असेल तर सगळी वाचा, मेमरीत बदल करा, परत सगळी लिहा. मोठी असेल तर ओळीओळीने वाचत दुसऱ्या तात्पुरत्या फाईलीत लिहीत जा आणि शेवटी ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने नवीन फाईल जुनीच्या जागी बसवा. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमधे ठेवा, दुसऱ्या डिस्कवर असेल तर रिप्लेस फसतं. याचा फायदा असा की मधे लाईट गेली तरी जुनी फाईल धडधाकट असते.

एकाच फाईलवर वाचून-लिहून करायचं असेल तर क्रम असा:

```
मजकूर = फा.रीड()
नवीन = मजकूर.रिप्लेस(...)
फा.सीक(०)
फा.राईट(नवीन)
फा.ट्रंकेट()
```

शेवटचं ट्रंकेट विसरलात आणि नवीन मजकूर जुन्यापेक्षा छोटा असला तर जुन्याची शेपटी खाली शिल्लक राहते. जेसन फाईलच्या शेवटी एक जादा कंस दिसतो ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ट्रंकेटला आकडा दिला नाही तर ते चालू पोझिशनपासून पुढचं सगळं कापतं.

काही जण उलटं करतात, रीड झाल्यावर आधी ट्रंकेट(०) आणि मग राईट. फाईल रिकामी होते खरी, पण ट्रंकेट पोझिशनला हात लावत नाही, ती ३३ वरच असते. मग राईट ३३ पासून लिहितं आणि सुरुवातीला ३३ शून्य बाईट येतात, एडिटरमधे ते विचित्र चौकोन किंवा काहीच नाही असे दिसतात, आणि माणूस एन्कोडिंगला दोष देत दोन तास घालवतो. ट्रंकेट(०) करायचंच असेल तर सीक(०) सोबत हवंच.

टेक्स्टच्या "आर प्लस" मधे अजून एक खड्डा. एक रीडलाईन करा आणि लगेच राईट करा. वाटतं की दुसऱ्या ओळीवर लिहिलं जाईल, पण छोट्या फाईलीत ते थेट शेवटी जाऊन बसतं, कारण आतल्या बफरने फाईलचा मोठा तुकडा आधीच वाचून टाकलेला असतो आणि राईट तिथून पुढे सुरू होतं. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे एकदा फा.सीक(फा.टेल()) करा, वेडगळ दिसतं पण काम करतं. बायनरीत हा त्रास नाही, बघा परत तेच!

पायरी ७: ठराविक लांबीच्या नोंदी

मधे लिहिताना लांबी बदलली की फाईल मरते, मग लांबी बदलूच दिली नाही तर? सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी घ्या. प्रत्येक सभासदाचा नंबर ४ बाईट, नाव ९० बाईट, बाकी रक्कम ४ बाईट. एक नोंद ९८ बाईटची, सगळ्या सारख्या. पाचवी नोंद हवी असेल तर आधीच्या चार ओलांडायच्या, ४ गुणिले ९८, सीक(३९२). आणि तिच्यातली फक्त बाकी बदलायची असेल तर ९४ पुढे, सीक(४८६) करून ४ बाईट लिहा. फाईलीत शंभर नोंदी असोत की एक कोटी, वेळ जवळपास तेवढाच.

हे बाईट बनवायला स्ट्रक्ट मॉड्यूल आहे, पॅक आणि अनपॅक. फॉरमॅट लिहिताना सुरुवातीला "पेक्षा लहान" चं चिन्ह नक्की टाका: "<आय९०एसआय", यातले दोन्ही आय कॅपिटल. ते चिन्ह नसेल तर नेहमीच्या कॉम्प्युटरवर पायथॉन सी भाषेसारखं मधे २ बाईट भरणा करतो आणि ९८ ऐवजी १०० होतात, मग पहिली नोंद बरोबर आणि बाकी सगळ्या सरकलेल्या. कॅल्कसाईज फंक्शनला विचारून खात्री करा.

९० बाईट म्हणजे ३० देवनागरी चिन्हं. एकट्या "ज्ञानेश्वर" मधेच १० चिन्हं, ३० बाईट. नाव लांब असेल तर स्ट्रक्ट ९० ला गपकन कापतो, अक्षराच्या मधे कापलं गेलं तरी त्याला काही वाटत नाही. म्हणून आधी एनकोड करा, ९० ला कापा, मग "इग्नोर" देऊन डीकोड करा आणि परत एनकोड, तुटलेलं अक्षर गळून जाईल. वाचताना उलटं, उजवीकडचे शून्य बाईट आरस्ट्रिपने काढून डीकोड.

पायरी ८: मोठ्या लॉगच्या शेवटच्या ओळी

सगळी फाईल वाचायची नाही. बायनरीत उघडा, शेवटच्या जितक्या ओळी हव्यात तो आकडा "किती" मधे ठेवा, शेवटी जा, ८१९२ बाईटचा तुकडा मागे या, वाचा, त्यात पुरेशा न्यूलाईन आहेत का मोजा, नसतील तर आणखी मागे.

```
जागा = फा.सीक(०, २)
डेटा = बी""
व्हाईल जागा > ० अँड डेटा.काउंट(बी"\एन") <= किती:
    पाऊल = मिन(८१९२, जागा)
    जागा -= पाऊल
    फा.सीक(जागा)
    डेटा = फा.रीड(पाऊल) + डेटा
ओळी = डेटा.स्प्लिटलाईन्स()[-किती:]
```

मिन लावलंय ते त्या नंबर २२ च्या एररसाठी, छोट्या फाईलीत शून्याच्या मागे जाऊ नये म्हणून. डीकोड सगळ्यात शेवटी, एकेक ओळ वेगळी झाल्यावर करा. तुकडा अक्षराच्या मधे तुटला तरी चालतं कारण यूटीएफ-८ मधे न्यूलाईनचा बाईट दुसऱ्या कुठल्या अक्षराच्या आत कधीच येत नाही. यूटीएफ-१६ फाईलीला हे लागू नाही.

सतत वाढणाऱ्या लॉगवर नजर ठेवायची असेल तर शेवटी टेलचा आकडा कुठेतरी साठवा आणि पुढच्या वेळी तिथे सीक करा. दोन गोष्टी सांभाळा. फाईलची साईज साठवलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर लॉग बदललाय, ० पासून सुरू करा. आणि शेवटची ओळ न्यूलाईनने संपत नसेल तर ती अजून लिहिली जातेय, तिच्या सुरुवातीचीच जागा साठवा, नाहीतर अर्धी ओळ आज आणि अर्धी उद्या मिळेल.

पायरी ९: दुसऱ्यांच्या फाईली उघडून बघा

हाताला सवय लागायला हा सगळ्यात मजेदार भाग. जुन्या एमपीथ्री गाण्यांमधे शेवटचे १२८ बाईट म्हणजे माहितीची चिठ्ठी असते, आयडीथ्रीचं पहिलं व्हर्जन. सीक(-१२८, २) करून १२८ वाचा. पहिले ३ बाईट इंग्रजी "टॅग" असतील तर पुढे ३० गाण्याचं नाव, ३० कलाकार, ३० अल्बम, ४ वर्ष, ३० शेरा आणि १ प्रकार. "टॅग" नसेल तर दुसरं व्हर्जन असू शकतं, ते सहसा फाईलच्या सुरुवातीला बसतं. पीएनजी चित्राची रुंदी-उंची हवी असेल तर सीक(१६) आणि ८ बाईट, ४ रुंदी ४ उंची, मोठा बाईट आधी, म्हणजे स्ट्रक्टमधे "पेक्षा मोठं" चं चिन्ह. कुठली लायब्ररी लागत नाही.

जिथे सीक चालत नाही, किंवा चालतं पण रडवतं

पाईपमधून येणारा इनपुट आणि सॉकेट यांना मागे जाता येत नाही, गेलेले बाईट गेले. शंका असेल तर फा.सीकेबल() विचारा, ट्रू किंवा फॉल्स सांगेल. जीझिप फाईलीवर सीक चालतं पण मागे जायचं म्हटलं की तो पहिल्यापासून परत उलगडत येतो, मोठ्या फाईलीत लूपमधे हे केलंत तर चहा पिऊन या. एकदा उलगडून डिस्कवर ठेवा आणि मग हव्या तेवढ्या उड्या मारा.

बाईट्सआयओ आणि स्ट्रिंगआयओ या मेमरीतल्या फाईलींना पण हीच पोझिशन असते. रिपोर्ट बाईट्सआयओमधे लिहिला आणि तसाच अपलोडला किंवा दुसऱ्या लायब्ररीला दिला की पलीकडे रिकामी फाईल पोचते, कारण लिहून झाल्यावर पोझिशन शेवटी उभी असते. देण्याआधी सीक(०). किंवा सगळे बाईटच हवे असतील तर गेटव्हॅल्यू, ते पोझिशनकडे बघतच नाही. जेसन लोड एकाच फाईलीवर दोनदा केल्यावर येणारी "एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू, लाईन १ कॉलम १" ही एरर पण याच कारणाने येते, फाईल खराब झाली समजून ती उगाच दुरुस्त करायला बसू नका.